पावसाळी कोट घ्यावा कसा?



रोहिणी संपत आल्या की आपल्या घरात याद्या सुरू होतात. आडसालीचे बेणे कुठून आणायचे, लागणीचा डोस किती, सऱ्या कधी सोडायच्या, गोठ्यावरचा पत्रा बदलायचा का. या सगळ्या याद्यांत एक वस्तू मात्र कधीच नसते, ती म्हणजे पावसाळी कोट. तो आपण घेतो कधी? पहिल्या पावसाने रस्त्यात गाठले की. तेव्हा समोर जे दुकान असेल ते, आणि त्यात सर्वांत स्वस्त असेल तो. मग सप्टेंबरात त्याची लक्तरे कुंपणाला लोंबताना दिसतात.

या सवयीने माझे एकदा चांगलेच नुकसान झाले. ते आधी सांगतो.

पुष्य नक्षत्राचा पाऊस. त्याला आपण म्हातारा पाऊस म्हणतो, पण त्या वर्षी म्हातारा काठी टाकून धावत होता. रात्री दहाच्या सुमाराला निरोप आला की नदी चढायला लागली, मोटरी काढा. मी, थोरले बंधू आणि एक गडी असे तिघे निघालो. अंगावर आठवडी बाजारातला पातळ प्लॅस्टिकचा कोट. निघताना आबा ओसरीवर घोंगडे पांघरून बसले होते. ते म्हणाले, "त्यो कागद घालून कुठं चाललास? हे घे." मी हसलो आणि पुढे झालो.

नदीकडची वाट वर्षाच्या उसातून जाते. उसाच्या पाल्याची धार आपल्याला सांगायला नको. अर्ध्या वाटेत बाही काखेपासून कमरेपर्यंत उसवली. काठावर पोचेपर्यंत आतला सदरा पिळून काढावा इतका भिजला होता आणि वरून वारा सुटलेला. बोल्ट सोडवायला पाना हातात घेतला तर बोटे वळेनात. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा पाण्यात गेला. दुसरा पाना आणायला गडी गावात पळाला, तोवर पाणी पाठीमागून आले आणि आम्हाला मोटर सोडून वर यावे लागले. पंधरा दिवसांनी गाळातून काढली, ती सरळ रिवायंडिंगला. मी तीन दिवस तापाने अंथरुणात. आबा एवढेच म्हणाले, "कोटात वाचवलंस, मोटारीत घातलंस."

ओले अंग हे नुसते गैरसोयीचे नसते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेते, आणि वारा सुटला की त्याला आणखी जोर चढतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, तरी जुलैच्या रात्री भिजलेला माणूस काकडतो, हात बधिर होतात आणि डोकेही नीट चालत नाही. नेमके त्याच वेळी आपण स्टार्टर, पाना आणि पुराचे पाणी यांच्यात उभे असतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या कृष्णा-पंचगंगाकाठच्या सभासदांना हे अधिक सांगण्याची गरज नाही.

जुन्या माणसांचे काय चुकत होते?

फारसे काही नाही. आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचे घोंगडे सनगर मागावर विणतात आणि त्याला चिंचोक्याची खळ देतात. त्याची वीण घट्ट, त्यामुळे रिपरिप पाऊस बराच वेळ वरूनच ओघळतो. शिवाय लोकरीचा एक गुण असा की आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेऊनही ती हाताला ओली लागत नाही आणि अंगाची ऊब राखते. दोष एकच. मुसळधार पावसात ते भिजले की मणाचे ओझे होते आणि चार दिवस वाळत नाही.

मावळात, कोकणात आणि आपल्याकडे राधानगरी-गगनबावड्याच्या बाजूला भातलावणीला इरले वापरतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पाने, अलीकडे प्लॅस्टिक. वाकून काम करणाऱ्याची पाठ कोरडी राहते आणि अंगाला चिकटत नसल्याने खालून वारा खेळतो. पण वावटळ आली की इरले माणसाला ओढून नेते, आणि ते घालून ना सायकल चालवता येते ना उसात शिरता येते.

तिसरी आपली खोळ. पूर्वी गोणपाटाची, आता खताच्या पोत्याची. फुकट मिळते एवढाच तिचा गुण. खताचे किंवा औषधाचे रिकामे पोते न धुता डोक्यावर घेतले तर आतला चुरा पाण्याबरोबर मानेवर आणि डोळ्यात उतरतो. ही खोळ अजून आपल्या शेतात सर्रास दिसते. तिच्याविषयी शेवटी बोलणार आहे.

रबरापासून आजपर्यंत

पाणी न शिरणारे कापड बाजारात आणण्याचा पहिला मोठा मान ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश या रसायन कारखानदाराकडे जातो. नॅप्थ्यात रबर विरघळवून ते दोन कापडांच्या मध्ये लावायचे, ही त्याची युक्ती. १८२३ साली त्याने पेटंट घेतले. इंग्रजीत रेनकोटाला अजूनही त्याच्या नावाने ओळखतात. पण ते कोट उन्हात चिकट होत, थंडीत कडक होत आणि शिंप्याने सुई घातली की त्या भोकांतून गळत. चिकटपणाचे दुखणे चार्ल्स गुडइयरने शोधलेल्या रबर पक्के करण्याच्या रीतीने गेले. त्याचे अमेरिकन पेटंट १८४४ चे. सुईच्या भोकाचे दुखणे मात्र आजही आहे, म्हणून पुढे शिवणीवर जरा लांबण लावणार आहे.

आपल्या देशात हा धंदा उभा राहिला तो स्वदेशीच्या जोमाने. बंगालमध्ये सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली सुरू केलेल्या कारखान्याचे 'डकबॅक' हे नाव आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या दप्तराबरोबर पाठीवर वागवले आहे. त्यानंतर पीव्हीसी आले, मग नायलॉन-पॉलिएस्टरवर आतून लेप दिलेली कापडे आली. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनची कांडी झटक्यात ताणून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार केला. या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडते. गिर्यारोहकांची महागडी जर्किने याच जातीची.

कापड ओळखा

आपल्या बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात.

पहिला, निव्वळ प्लॅस्टिकचा पातळ कोट. घडी खिशात मावते. एस.टी.च्या थांब्यापासून घरापर्यंत ठीक आहे. उसात घालायचा नाही, पाला त्याला ब्लेडसारखा कापतो.

दुसरा, कापडावर पीव्हीसीचा थर दिलेला जाड कोट. हा जड असतो आणि आत घाम फार येतो, पण पाला, बाभळीचा काटा, बांधावरची तार यांना दाद देत नाही. याचे जोड उष्णतेने चिकटवलेले असतील तर फारच चांगले. शेतकामाला आजही याच्यासारखा नेकीचा सोबती नाही. मात्र उन्हात पडून राहिला तर त्यातला मऊपणा उडून जातो आणि घडीवर तडे जातात.

तिसरा, नायलॉन किंवा पॉलिएस्टरवर आतून पीयूचा लेप असलेला. हलका, लवकर वाळणारा, मोटारसायकलला उत्तम. लेप आतल्या बाजूला असतो, म्हणून घेताना आत हात फिरवून पाहावा. आपल्या दमट हवेत हा लेप काही वर्षांनी चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. ओला घडी करून ठेवला तर एका वर्षातही.

चौथा, वाफ बाहेर सोडणारे जर्किन. कॉलेजात जाणारी आपली पोरे ट्रेकिंगसाठी हेच मागतात. याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पैसे इथेच जास्त जातात.

घामाची वाफ आतून बाहेर केव्हा जाईल? बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हा. श्रावणात दांडीवर टाकलेले धोतर वाळत नाही, कारण हवाच ओलीने भरलेली असते. तोच न्याय इथे. हिमालयातल्या थंड, कोरड्या हवेत हे कापड आपले काम चोख करते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जुलैत, हवा कोंदट आणि वर धो धो पाऊस असताना, त्याचा हा गुण निम्मा-अर्धा झोपलेलाच असतो. तेव्हा आपल्या पावसाला उपयोगी पडते ती साधी सोय. काखेत उघडणारी चेन, पाठीवर झडपेखाली जाळी आणि अंगापासून सैल बेत. मुलगा हिमालयात जाणार असेल तर महागडे जर्किन जरूर घ्यावे. राजगड, हरिश्चंद्रगडापुरते जायचे असेल तर चांगल्या लेपाचे, काखेत चेन असलेले जर्किन पुरते. उरलेल्या पैशांत बूट घ्यावेत. घसरणारा पाय कोट वाचवत नाही.

चिठ्ठीवरचा आकडा

चांगल्या जर्किनाच्या चिठ्ठीवर ५,०००, १०,००० असे मिलिमीटरमध्ये आकडे असतात. ते पावसाचे माप नव्हे. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर किती उंचीपर्यंत पाणी पाझरत नाही, ते ते माप आहे. १०,००० मिलिमीटर म्हणजे १० मीटर, जवळजवळ ३३ फूट. एका बऱ्यापैकी विहिरीच्या पाण्याचा दाब समजा.

एवढा दाब कशाला लागतो? पाऊस नुसता पडतो तेव्हा दाब थोडाच असतो. पण मोटारसायकलच्या सीटवर बसलो, चिखलात गुडघा टेकला, खांद्यावर पिशवीचा किंवा पंपाचा पट्टा आला की त्या जागी दाब कित्येक पटीने वाढतो आणि पाणी तिथूनच शिरते. १,५०० च्या आतले कापड किरकोळ सरीपुरते समजावे. गाडीवरच्या रोजच्या वापराला ५,००० च्या पुढचे, घाटमाथ्याच्या पावसाला १०,००० चे पाहावे.

'वॉटर रेझिस्टंट' आणि 'वॉटरप्रूफ' या दोन शब्दांतही फसू नये. पहिल्याचा अर्थ थोडा वेळ पाणी झटकणारा, दुसऱ्याचा अर्थ पाणी आत न शिरू देणारा. विंडचीटर वाऱ्यासाठी असतो, पावसात तो चाळण होतो.

दुकानात एवढे पाहावे

१) कोट उलटा करा. आतून शिवणीवर चकचकीत पट्टी चिकटवलेली असली पाहिजे. कापड कितीही भारी असो, पट्टी नसेल तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येणार. खांदा, काख आणि पाटलोणीची बैठक या तीन जागा विशेष पाहा.

२) पुढच्या चेनवर झाकणपट्टी हवी आणि ती बटणांनी बंद होणारी हवी. चेन जाड प्लॅस्टिकची घ्यावी. पत्र्याची चेन एका पावसाळ्यात गंजते.

३) कोट घालून दोन्ही हात वर करा, मग पुढे वाका. पाठ उघडी पडली किंवा मनगट बाहेर आले तर एक माप मोठा घ्या. आत सदरा आणि बंडी मावली पाहिजे.

४) टोपी घालून मान डावी-उजवीकडे वळवा. मानेबरोबर टोपी वळत नसेल तर गाडीवर बाजूचे वाहन दिसणार नाही. हेल्मेट घालणाराने टोपी काढून ठेवता येईल असा कोट पाहावा.

५) बाहीला आतून इलॅस्टिक आणि बाहेरून पट्टी असावी. हात वर केला की पाणी कोपरापर्यंत उतरते, ते तिथे अडते.

६) रंग पिवळा, नारिंगी असा उठून दिसणारा घ्यावा आणि पाठीवर चमकणारी पट्टी हवी. मळ दिसत नाही म्हणून आपण काळा किंवा खाकी घेतो. पण पावसाळी संध्याकाळी काळ्या कोटातला माणूस ट्रकवाल्यालाही दिसत नाही.

७) आतल्या बाजूस एक खिसा हवा. बाहेरच्या खिशातला मोबाईल भिजणारच.

काम तसा कोट

लागण, चर काढणे, वैरण कापणे यांना जाड पीव्हीसीचा, गुडघ्यापर्यंत येणारा कोट. गमबूट घालणार असाल तर पाटलोण बुटाच्या बाहेर ठेवा. आत खोचली की सगळे पाणी बुटात उतरते.

डेअरीला दूध घालायला, गट ऑफिसला, कारखान्यावर येताना, म्हणजे गाडीवर, कोट आणि पाटलोण असा दोन तुकड्यांचा जोड. झग्यासारखा लांब, मोकळा कोट गाडीवर घालू नये. त्याचा घोळ वाऱ्याने चाकात किंवा चेनमध्ये जातो. मागे साडीत बसणाऱ्या बाईने पदराबरोबर कोटाचा घोळही आवरून धरावा.

पाऊस कुठला तेही पाहावे. गगनबावड्याचा पाऊस आणि शिरोळचा पाऊस एक नव्हे. पश्चिमेकडच्या सभासदाला जून ते सप्टेंबर कोट अंगावरून उतरत नाही, त्याने दोन ठेवावेत, एक वाळत आणि एक अंगावर. पूर्वेकडे एक चांगला पुरे.

कोट काय करीत नाही

कोट घातला म्हणजे विजेचा धक्का बसत नाही, हा समज जिवावर बेततो. ओला रेनकोट, ओले हात आणि ओली पेटी यांचा मेळ कधीच घालू नये. मोटर काढण्याआधी पुरवठा बंद आहे याची खात्री करावी, शंका आली तर वायरमनला बोलवावे. आकाशात वीज कडाडत असताना कोट आहे म्हणून झाडाखाली थांबू नये.

फवारणीचा कोट आणि पावसाचा कोट वेगळा ठेवावा. औषध उडालेला कोट घालून पोराला गाडीवर पुढे बसवले, तर औषध कुणाच्या अंगाला लागणार?

निगा

कोट घरी आणला की साध्या पाण्याने चिखल धुवावा आणि सावलीत, हवेशीर जागी खुंटीऐवजी हँगरला टांगावा. ब्रश, सोड्याची पावडर, गरम पाणी यांनी लेप जातो. ग्रीस लागले म्हणून पेट्रोल-डिझेलने पुसू नये. चुलीपाशी वाळवू नये. पीव्हीसी आकसते, आणि पेटले तर चिकटून जळते.

लहान फाटले तर लगेच बुजवावे. सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन रबरी कोटाला चालते, पीव्हीसीला नीट धरत नाही, त्याला पीव्हीसीचाच डिंक लागतो. नायलॉनला आतून चिकटपट्टी लावावी. सुई-दोऱ्याने शिवू नये, एक भोक बुजवताना वीस नवी पडतात.

दिवाळीच्या आधी एकदा पूर्ण वाळवून, सैल गुंडाळी करून उंदीर पोचणार नाही अशा जागी ठेवावा. बियाण्याच्या पोत्याशेजारी तर मुळीच नको.

हिशेब

समजा ३०० रुपयांचा कोट एक पावसाळा टिकला आणि १,२०० रुपयांचा पाच पावसाळे टिकला. पहिल्याचा दर वर्षाला ३००, दुसऱ्याचा २४०. वरून ताप, डॉक्टर, बुडालेला दिवस वेगळा. माझ्या बाबतीत तर मोटरही. एकरी खर्च आपण पैशापैशाने मांडतो, हाही त्याच वहीत मांडायला हरकत नाही.

आता त्या खोळीविषयी

मोटर गेली त्या रात्री मी काकडत घरी आलो. गोठ्यात उजेड होता. आई जनावरांना वैरण टाकत होती. डोक्यावर युरियाचे पोते. दिवसभर ती त्याच पोत्याखाली भांगलत होती आणि रात्री तेच घेऊन गोठ्यात उभी होती. घरात कोट होते तीन, आबांचे घोंगडे धरून चार पांघरुणे. सगळी पुरुषांची. तिला कोट हवा का, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारले नव्हते. पुढच्या वर्षी बाजारात गेलो तेव्हा पहिला कोट तिच्यासाठी घेतला. पहिल्यांदा तिने तो जपून ट्रंकेत ठेवला. "चांगला हाय, कुठं गावाला जायचं झालं तर घालीन," म्हणाली. बाहेर काढायला लावून, अंगात घालून, वाकायला लावून पाहिले तेव्हा कुठे तो शेतात गेला. पाच पावसाळे टिकला.

आपल्या शेतात सर्वांत जास्त वेळ पावसात कोण असते, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे. बहुतेक ठिकाणी ती घरची बाई असते, नाहीतर रोजाने येणाऱ्या बाया आणि गडी. सातबारा आणि शेअर ज्याच्या नावावर, कोटही त्याच्याच अंगावर, असे होऊ नये. वर्षानुवर्षे आपल्याकडे येणाऱ्या मजुराला मृगाआधी एक चांगला कोट दिला तर त्याचे दिवस बुडत नाहीत आणि आपली लागणही खोळंबत नाही.

तेव्हा यंदा बेण्या-खताच्या यादीत एक ओळ वाढवा. घरातली आणि शेतावरची माणसे मोजा, प्रत्येकाचे माप घ्या आणि आभाळ भरून येण्याआधी बाजार गाठा. दुकानदाराने कोट पुढे केला की आधी तो उलटा करून शिवण पाहायची, एवढे जरी लक्षात ठेवलेत तरी या लेखाचे काम झाले.